हजार बिड्यांना किती पानं लागतात?

गेली दोन-तीन वर्षं पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगी एम.ए.ला आहे. पूर्वी सकाळी कॉलेजला जायची, दुपारी घरी यायची. आता वही घेऊन गल्लोगल्ली फिरते, लोकांना त्यांची मिळकत विचारते, रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसते. काय चाललंय विचारलं की म्हणते, "प्रोजेक्ट आहे." हा प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय, मॅडम? त्यात नापास होतात का? आणि त्यासाठी परक्याच्या घरी जायची काय गरज?

मी सोलापुरात पदव्युत्तर वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणून काम करते आणि उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजांत बाह्य परीक्षक म्हणून जाते. तेव्हा या प्रश्नाचं नीट उत्तर देणं माझं कामच आहे.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलले. दोन वर्षांची पदवी ८८ क्रेडिटची झाली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ क्रेडिटचा विषय आला. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट संशोधन प्रकल्पाला मिळाले. कला शाखेत त्याआधी बहुतेक मुलं नुसते पेपर लिहून एम.ए. होत. नोट्स पाठ, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ, पदवी हातात. आता प्रत्येकाला स्वतःचा एक प्रश्न शोधावा लागतो, माहिती गोळा करावी लागते, त्यावर लघुशोधप्रबंध लिहावा लागतो आणि तो परीक्षकांसमोर बसून मांडावा लागतो. हा बदल मला मनापासून आवडला. बऱ्याच कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांच्या वाट्याला एकेका वर्गातली ढीगभर मुलं येतात, आणि अशा वेळी प्रत्येक प्रकरण दोनदा वाचणंसुद्धा होत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही बदल चांगलाच आहे असं मी म्हणते, कारण मी त्यातून मुलं बदलताना पाहिली आहेत.

सगळ्यात अवघड काम विषय ठरवण्याचं. लिहिणं त्याच्या मानानं सोपं. जुलैमध्ये मुलं येतात ती विषयांची नावं घेऊनच येतात: 'महाराष्ट्रातील बचत गटांचा अभ्यास', 'भारतीय शेतीच्या समस्या', 'महिला सक्षमीकरण: एक दृष्टिक्षेप'. मी विचारते, "यातला प्रश्न कोणता?" मुलं गप्प होतात. 'बचत गटांचा अभ्यास' हा प्रश्न नाही, तो ग्रंथालयातल्या एका कपाटाचा मथळा आहे. बायका गटातून कर्ज काढताना कागदावर एक कारण सांगतात आणि पैसा दुसरीकडे खर्च होतो, असं का होतं, हा प्रश्न झाला. तो एका गावातल्या चार गटांत विचारता येतो, सहा महिन्यांत त्याचं उत्तर शोधता येतं, आणि उत्तर चुकलं तर ते चुकलं हे कळूही शकतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ज्याचं उत्तर कधी चुकूच शकत नाही त्याच्यामागे वर्ष घालवू नये.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तिनं तशी परवानगी दिलेली नाही. ती कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. दहा हजार घरांची ही वसाहत बिडी कामगार बायकांसाठी उभी राहिली. तिची आई बिड्या वळते, आजीही वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. ती विषय घेऊन आली तो असा: 'सोलापूर जिल्ह्यातील बिडी कामगार महिलांची सामाजिक व आर्थिक स्थिती'. या मथळ्याचे प्रबंध आमच्या विभागातच नाही म्हटलं तरी पाच-सहा असतील. प्रत्येकात वयाचा तक्ता, शिक्षणाचा तक्ता, घर पक्कं की कच्चं याचा तक्ता, आणि शेवटी 'महिलांची स्थिती समाधानकारक नाही' हा निष्कर्ष. ती स्थिती समाधानकारक नाही हे त्या मुलीला जन्मापासून ठाऊक होतं.

मी तिला म्हटलं, "आई घरी कशावरून चिडते ते सांग."

ती लगेच म्हणाली, "पानांवरून."

मग तिनं सगळं सांगितलं. कारखान्यातून बायकांना टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू वजन करून मिळतो. घरी आणून पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. दुसऱ्या दिवशी हजार बिड्या मोजून द्यायच्या. पण पानं कधी फाटकी निघतात, कधी भोकं पडलेली, कधी शिराच जाड. अशी पानं बाजूला काढली की उरलेल्यांत हजार बिड्या होत नाहीत. हजार तर द्याव्याच लागतात. मग बाई गल्लीतल्या दुकानातून स्वतःच्या पैशानं पानं घेते. त्यावर कारखान्यात छाट, म्हणजे नापसंत ठरवलेल्या बिड्या, निघते ती वेगळी. मजुरी मिळते हजाराची, पण दुकानात गेलेले पैसे कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत.

"मग हाच तुझा प्रश्न," मी म्हटलं. "मिळालेली पानं हजार बिड्यांना पुरतात का? नाही पुरली तर फरक कोण भरतं, आणि त्यानं हातात पडणारी मजुरी किती कमी होते?"

तिचा चेहरा पडला. एवढासा प्रश्न? यावर शंभर पानं कशी भरायची? बाकीच्या मुलांचे विषय जिल्ह्याचे, राज्याचे, आणि आपला पानांचा. तिला वाटलं मॅडमनी आपल्याला हलकं काम दिलं. ही समजूत मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी तिच्याशी भांडते. विषय जितका मोठा तितका प्रबंध भारी, असं मुलांना कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं.

अशा वेळी मी मुलांना दोन नावं सांगते. पहिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर प्रबंध सादर केला. तो आकारानं लहान आहे. महाराष्ट्र शासनानं प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो कुणालाही वाचता येतो. त्यात त्यांनी भारताच्या दारिद्र्याचा समग्र इतिहास लिहायला घेतला नाही. एक कंपनी घेतली, १७९२ ते १८५८ एवढा काळ घेतला, आणि पैसा कुठून आला, कुठे गेला, त्याचा भार कुणावर पडला हे मांडलं. त्यांच्यासारख्या अफाट वाचनाच्या माणसानं पहिल्या प्रबंधाला अशी कुंपणं घालून घेतली, हे मुलांनी नीट लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं.

दुसरं नाव धनंजयराव गाडगीळांचं. त्यांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं इंग्रजी पुस्तक १९२४ साली आलं आणि पुढच्या अनेक पिढ्या ते शिकल्या. ते पुस्तक म्हणजे त्यांनी केंब्रिजला एम.लिट.साठी लिहिलेला प्रबंध. विशी ओलांडून थोडाच काळ झालेल्या मुलानं लिहिलेला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांनी घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची शिस्त लावली. सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली त्याच संस्थेनं काढलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते वाचायलाच लावते. आपल्याच पेठांची नावं जुन्या तक्त्यांत दिसली की मुलं पान उलटायचं विसरतात.

हे वाचन म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. बहुतेक प्रबंधांतलं हे दुसरं प्रकरण, आणि बहुतेक ठिकाणी ते नुसती यादी असते: अमक्यानं अमुक साली हे म्हटलं, तमक्यानं तमुक साली ते म्हटलं. आढावा घ्यायचा तो आपल्या प्रश्नासाठी. या लोकांनी पानांबद्दल काही विचारलं होतं का? विचारलं असेल तर कसं? माझ्या विद्यार्थिनीनं शोधगंगेवर बिडी उद्योगावरचे पीएच.डी.चे प्रबंध काढून वाचले. शोधगंगा म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध एका जागी फुकट वाचायला मिळतात ते ठिकाण, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेनं चालवलेलं. तिनं १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदाही वाचला. पानं कमी पडतात याची तक्रार तिला इतर राज्यांवरच्या अभ्यासांतही सापडली, पण रोजच्या रोज वजन करून कुणी पाहिल्याचं तिच्या वाचनात आलं नाही. तिथून तिचा धीर वाढला. आपण करतोय ते आधी कुणी केलेलं दिसत नाही, हे कळल्यावर माणूस वेगळ्या ताठपणानं बसतो.

मग रूपरेषा. चार-सहा पानांत प्रश्न, उद्दिष्टं, गृहीतक, कुठे आणि कुणाला विचारणार, कसं मोजणार, वेळापत्रक. ही विभागाच्या बैठकीत मांडायची आणि मंजूर करून घ्यायची. मुलांना ही कटकट वाटते. पण रूपरेषेत जे घुसळून निघत नाही ते मार्चमध्ये गळ्याशी येतं, म्हणून मी यात वेळ घालवायला कचरत नाही.

प्रत्यक्ष फिरण्याचं काम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू झालं. हल्ली मुलं प्रश्नावली मोबाइलवर फॉर्म करून मित्रांच्या ग्रुपवर टाकतात आणि दोन दिवसांत शंभर उत्तरं आली म्हणून खूश होतात. ती उत्तरं देतात वर्गातली मुलंच. बिडी वळणारी बाई फॉर्म भरत नाही. तिच्याकडे जावं लागतं, तेही तिच्या वेळेला. सकाळी ती कारखान्यात माल द्यायला जाते, येऊन स्वयंपाक करते, मग सूप मांडीवर घेऊन बसते. दुपारी दोन ते चार तिचे हात चालू असतात आणि तोंड मोकळं असतं. तीच वेळ.

प्रश्नावली मराठीत छापलेली होती. विचारायची होती तेलुगूत. पहिल्या काही घरांत प्रत्येक वेळी प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातोय हे तिच्या ध्यानात आलं. म्हणजे दोन बायकांना दोन वेगळे प्रश्न गेले. मग तिनं सगळे प्रश्न तेलुगूत बोलून रेकॉर्ड केले, आजीला ऐकवले, आजीला जे कळलं नाही ते बदललं, आणि पुढे तेच शब्द सगळीकडे वापरले. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला पथदर्शी चाचणी म्हणतात. आजीला ऐकवून पाहा असं तिला मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

मिळकत विचारणं नाजूक असतं. मी मुलांना सांगते, आधी सांगा की मी कोण, कशासाठी विचारते, तुमचं नाव कुठेही लिहिणार नाही, आणि नको वाटलं तर उत्तर देऊ नका. हे चार वाक्यांचं सांगणं टाळायचं नाही. पालकांनाही माझं हेच उत्तर असतं: तुमची मुलगी परक्याच्या घरी चौकशा करायला जात नाही, ती परवानगी मागून बसते, आणि नाही म्हटलं तर उठून येते.

नुसतं विचारून भागणार नव्हतं. पानं कमी मिळतात हे प्रत्येक बाई सांगणारच. म्हणून काही घरांत तिनं स्वयंपाकघरातला वजनकाटा नेला. आणलेली पानं तोलली, बाजूला काढलेली पानं वेगळी तोलली, झालेल्या बिड्या मोजल्या, दुकानातून आणलेल्या पानांचे पैसे लिहिले. हे सलग बरेच आठवडे. स्वतःच्या आईचं घर तिनं या मोजणीतून वगळलं. मी म्हटलं होतं, आपल्या घराचा आकडा आपल्याला हवा तसा दिसतो. तिला ते आवडलं नाही, पण पटलं. जवळच्या विषयावर काम करण्यात मोठी ताकद आहे. कुठलं दार कधी वाजवायचं हे बाहेरच्याला वर्षभरात कळत नाही. मात्र त्या जवळिकीवर पहारा ठेवणारं काहीतरी हवं, आणि आमच्या बाबतीत तो पहारा वजनकाट्यानं ठेवला.

आकडे हातात आल्यावर मुलांना एकदम भारदस्त गणित करावंसं वाटतं. काय-वर्ग कसोटी लावली की प्रबंध वजनदार होतो असा समज आहे. प्रश्नाला गरज असेल तर जरूर लावावी. तिच्या कामाला सरासरी, मध्यक आणि एक साधा हिशेब पुरेसा होता: कागदावरची मजुरी, त्यातून वजा पानांचा खर्च, वजा छाट, उरलं काय. त्या एका तक्त्यात तिचा सगळा प्रबंध होता. बाकीची पानं तो तक्ता खरा का मानावा हे सांगण्यासाठी.

लिखाण मराठीत करायचं ठरलं. आमच्याकडे मराठी किंवा इंग्रजी दोन्ही चालतं, आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठीत लिहावं असं माझं ठाम मत आहे. मात्र मराठीत टायपिंगची एक अडचण आजही आहे. कॉलेजबाहेरच्या डीटीपीच्या दुकानांत अजून जुने फॉन्ट वापरतात. कागदावर छान दिसतं, पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि साहित्यचोरी तपासणारी प्रणाली ते वाचूच शकत नाही. रूपांतर करायला जावं तर जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, मोबाइलवर करा हवं तर, पण स्वतः करा, असं मी सांगते. स्वतः टाइप करणारा स्वतःचं वाक्य दुसऱ्यांदा वाचतो.

साहित्यचोरीबद्दल घरोघर भीती आहे, म्हणून जरा सविस्तर. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याबाबतचे नियम २०१८ चे आहेत. प्रबंधाचा मजकूर आधीच्या छापील आणि इंटरनेटवरच्या मजकुराशी किती जुळतो ते संगणक तपासतो. १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं, श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर हे त्यात धरत नाहीत. म्हणजे दुसऱ्याचं वाक्य घेणं गुन्हा नाही, ते कुणाचं हे लपवणं गुन्हा आहे. मुलं उलट करतात. श्रेय देत नाहीत, आणि टक्का उतरावा म्हणून प्रत्येक वाक्यातले शब्द बदलत बसतात. टक्का उतरतो, चोरी तशीच राहते.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. विचारलं की दोन मिनिटांत पूर्ण प्रकरण तयार, तेही संदर्भांसकट. त्यातले काही संदर्भ जगात अस्तित्वातच नसतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. त्यामुळे मी सूचीतल्या कुठल्याही नोंदीवर बोट ठेवते आणि म्हणते, हे पुस्तक आण, पान उघड. हे नियमात नाही. पण बोट ठेवलं जाणार हे ठाऊक असलं की मुलं न वाचलेलं पुस्तक सूचीत घालत नाहीत.

सादर करण्याचा भाग कागदोपत्री आहे. विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, तपासणीचा अहवाल, विभागप्रमुखांची सही, शिक्का. डाव्या बाजूला बांधणीसाठी जास्त समास सोडायचा. बांधणीआधी एक स्पायरल प्रत मार्गदर्शकाला द्यायची, कारण सोनेरी अक्षरांत छापलेल्या कव्हरवर शुद्धलेखनाची चूक निघाली की रडू येतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाइंडरकडे रांग लागते, तेव्हा आठ दिवस आधी जावं.

आणि मग तोंडी परीक्षा, जिला सगळे व्हायवा म्हणतात.

खोलीत दोघं-तिघंच असतात: बाह्य परीक्षक, अंतर्गत परीक्षक, कधी विभागप्रमुख. मूल दहा मिनिटं आपलं काम सांगतं, मग प्रश्न. पाठांतराची परीक्षा असते असं समजून मुलं व्याख्या घोकून येतात. मी परीक्षक म्हणून जाते तेव्हा व्याख्या कधीच विचारत नाही. मी विचारते, हेच गाव का घेतलं? हा आकडा कुणी सांगितला? तुमचं गृहीतक खोटं ठरलं असतं तर तुम्हाला कशावरून कळलं असतं? ज्यानं काम स्वतः केलं आहे त्याला या प्रश्नांचा आनंद होतो. ज्यानं विकत घेतलं आहे, आणि प्रबंध विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, तो पहिल्याच प्रश्नाला कव्हरकडे बघतो.

तिच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातून एक ज्येष्ठ सर आले होते. त्यांनी प्रबंध खरोखर वाचलेला होता, कडेला पेन्सिलच्या खुणा होत्या.

"पानं कमी पडतात हे बायका सांगतात," ते म्हणाले. "ज्यांना मजुरी वाढवून हवी आहे त्या पानं पुरतात असं कशाला सांगतील?"

"म्हणून मी विचारण्यावर थांबले नाही, सर. वजन केलं." तिनं परिशिष्ट उघडून तक्ता पुढे केला.

"वजन करताना तुम्ही समोर बसला होता. समोर कुणी बसलं की पानं निवडणारा हात वेगळा चालतो."

ती क्षणभर थांबली. "हो, सर. म्हणून प्रत्येक घरातले पहिले काही दिवस मी हिशेबात धरलेले नाहीत. पण नंतरही थोडा फरक पडला असेल. तो किती, हे मला सांगता येणार नाही."

"सोलापूरच्या सगळ्या बिडी कामगारांची हीच परिस्थिती आहे?"

"ते मी म्हणू शकत नाही. या वसाहतीतल्या या गल्ल्यांबद्दल, या महिन्यांबद्दल म्हणू शकते."

सर माझ्याकडे बघून हसले नाहीत, पण पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो प्रबंधात कुठेच नव्हता. "तंबाखूचा धंदा आहे. तो बंदच व्हावा असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं, सर. आईचा खोकला मी रोज ऐकते. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेगळा अभ्यास लागेल. माझ्या अभ्यासातून फक्त एवढंच कळतं, की धंदा चालू आहे तोवर बाईच्या पदरचे पैसे त्यात जातात."

मौखिक परीक्षेत मला ऐकायचं असतं ते हेच. काय माहीत आहे, कुठपर्यंत माहीत आहे, आणि ते कसं माहीत झालं, हे न घाबरता सांगणं. हीच मुलगी पहिल्या सत्रात वर्गात उभी राहिली की आवाज फुटायचा नाही. तिला धीट करण्यासाठी आम्ही कुठलंही शिबिर घेतलं नाही. स्वतः तोललेल्या पानांबद्दल ती बोलत होती आणि त्या खोलीत त्या पानांबद्दल तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आंबेडकरांचे लंडनमधले मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी त्यांच्या रुपयावरच्या प्रबंधाला प्रस्तावना लिहिली. अनेक मुद्दे आपल्याला मान्य नाहीत हे त्यांनी त्यात उघड सांगितलं आणि तरीही त्यातल्या ताजेपणाला दाद दिली. मार्गदर्शकानं विद्यार्थ्याला द्यायची ती हीच मोकळीक, असं मला वाटतं. तिच्या एका निष्कर्षाशी मीही सहमत नव्हते. दुकानातून आणलेल्या पानांत थोडी पुढच्या दिवसासाठी शिल्लक राहत असणार असं माझं म्हणणं होतं. तिनं ते ऐकून घेतलं, तपासलं, आणि आपलंच वाक्य कायम ठेवलं. प्रमाणपत्रावर मी सही केली.

निकाल लागला, मुलगी पास झाली. एवढ्यावर बहुतेक प्रबंध संपतात आणि विभागाच्या कपाटात जातात. शोधगंगेवर जागा पीएच.डी.ला आहे, एम.ए.च्या प्रबंधांची साधी यादीसुद्धा बहुतेक कॉलेजं ठेवत नाहीत. निदान विषय, वर्ष आणि एक पानाचा सारांश एवढं तरी प्रत्येक विभागानं लावून ठेवावं, अशी माझी मागणी आहे. ती मी बैठकांत करत असते, इथेही करते. म्हणजे पुढच्या मुलाला तेच तक्ते पुन्हा भरावे लागणार नाहीत.

जुलैमध्ये ती सारांशाच्या काही प्रती घेऊन वसाहतीत गेली आणि ज्या बायकांनी वेळ दिला होता त्यांना तेलुगूत वाचून दाखवला. तक्ता ऐकून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "पानांचं लिहिलंस, पोरी. दोऱ्याचं काय? तो तर आम्हीच विकत घेतो." बाकीच्या बायका एकदम बोलायला लागल्या. दोरा, कात्री, कात्रीला धार, माल नेण्या-आणण्याचं रिक्षाभाडं.

यंदाच्या तिसऱ्या सत्रातल्या एका मुलानं दोऱ्यापासून रिक्षापर्यंतचा हा खर्च विषय म्हणून घेतला आहे. त्याची रूपरेषा मंजूर झाली. त्याला तेलुगू येत नाही, म्हणून पहिल्या फेरीला ती त्याच्यासोबत जाणार आहे.